जुन्नरच्या पेठेत आलेले देव आणि धर्म

मंडळी, ‘जागतिकीकरण’ हा शब्द आता पारावरही ऐकू येतो. नारायणगावची द्राक्षे परदेशी जातात, परदेशातली चित्रे आणि मते हातातल्या फोनवर येतात, आणि मग कुणीतरी म्हणतो, ‘‘बाहेरचं सगळं घरात शिरलं, आता आपला धर्म राहतो की बुडतो?’’ प्रश्न खोटा नाही. पण तो नवाही नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला तर त्यासाठी ग्रंथ चाळायला नकोत. आपला घाट आणि आपले डोंगर पाहिले तरी पुष्कळ कळते.

नाणेघाटापासून सुरुवात करू. कोकणातली बंदरे आणि घाटावरच्या पेठा यांना जोडणारी ही सातवाहनांच्या काळची वाट. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात पडे, असे सांगतात. जवळच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे. त्यात इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य यांना वंदन आहे, अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि हजारोंनी दिलेल्या गाईंची नोंद आहे. म्हणजे व्यापाराच्या नाक्यावर वैदिक यज्ञांची यादी कोरलेली! आणि तिथून तीसएक किलोमीटरवर, जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, बौद्ध भिक्षूंसाठी दीडशेहून अधिक लेणी खोदली गेली.

ही लेणी केवळ राजांच्या पैशाने झाली, असे समजू नका. भिंतींवरचे ब्राह्मी लेख वाचले की दाते भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला माणूस. आदुथुम नावाच्या शकाने वीस आणि नऊ निवर्तने जमीन लावून दिली. त्या लेखात करंज आणि वड या आपल्या ओळखीच्या झाडांची नावे आहेत. परदेशी माणूस, इथला धर्म आणि इथल्याच श्रेणीकडे ठेवलेली ठेव! त्या वेळी व्यापाराने धर्माला आसरा दिला, हे साफ दिसते.

पण दर वेळी असे गोड घडत नाही बरं का. इसवी सन १४७०च्या आसपासची गोष्ट ऐका. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी चौल बंदरात उतरून इथे आला. बरोबर एक घोडा होता. आपल्याकडे चांगल्या घोड्याला मोठी किंमत, म्हणून त्याने तो शंभर रूबल खर्चून समुद्रापलीकडून आणला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला. डोंगरावरच्या गावाची वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, असे कळल्यावर खान म्हणाला, आमचा धर्म घे, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही घेतलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. मुदत चार दिवसांची. विचार करा, घर हजारो कोस दूर, गावात जात्याचे कोणी नाही, सगळी पुंजी त्या एका घोड्यात!

त्याला सोडवले कोणी? खुरासानच्या महंमद नावाच्या एका वजनदार मुसलमान गृहस्थाने. तो खानाकडे गेला, शब्द टाकला, धर्मांतर टळले आणि घोडाही परत मिळाला. खान आणि हा खुरासानी, दोघांचा धर्म एकच. एकाच्या हाती सत्ता होती आणि दुसऱ्याला परक्या व्यापाऱ्याची अडचण कळत होती. शिक्षकबंधूंनी हा भाग मुलांना जरूर सांगावा, आणि अर्धा सांगून थांबू नये.

निकितिनचे धर्मग्रंथ वाटेतच लुटले गेले होते. आपला सण कधी, उपवास कधी, हेही त्याला अंदाजाने ठरवावे लागे. त्याच्या टिपणांत प्रार्थना आहेत, त्यांत फारसी, तुर्की, अरबी शब्द मिसळलेले. धर्म सोडला नाही, पण प्रार्थनेची भाषा मात्र प्रवासाने बदलली. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ तो वारला. टिपणे मागे राहिली, म्हणून जुन्नरची ही हकीकत आपल्याला कळते.

आता भीमाशंकरला चला. मंचर-घोडेगावच्या रस्त्याने वर गेलात की देवळाशी युरोपी घडणीची मोठी घंटा दिसते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या वेळच्या घंटांपैकी ही एक, असे सांगतात. काही जण तिला सर्वधर्मसमभावाची खूण म्हणतात. मला ते पटत नाही. ती लढाईतली जिंकलेली वस्तू आहे. मात्र आज ती वाजते तेव्हा यात्रेकरू शंकरालाच हात जोडतो, हेही तितकेच खरे.

आणि त्याच महाशिवरात्रीला फराळाच्या ताटात काय असते? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा आणि बटाटाही तिकडचेच. मिरची आणि रताळेही अमेरिका खंडातलेच. कोलंबसाच्या १४९२च्या सफरीआधी यांतले एकही पीक इथल्या रानात नव्हते. पोर्तुगिजांसारख्या दर्यावर्दी लोकांमार्फत ही पिके आपल्याकडे आली. गहू-ज्वारी उपवासाला चालत नाही आणि सातासमुद्रापलीकडचा कंद चालतो! दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. कोणी शास्त्रार्थ केला नाही, कोणी सक्ती केली नाही. बायकांनी स्वयंपाकघरात आणि शेतकऱ्यांनी वावरात हा निर्णय घेऊन टाकला.

आज फोनवरून ‘हे आपलं, ते परकं’ असे निरोप येतात. पाठवणारा कोण, कुठला, हे आपल्याला ठाऊक नसते. अशा वेळी गुरुजींनी मुलांना लेण्याद्रीला न्यावे. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, सकाळी निघावे. गिरिजात्मजाचे दर्शन झाले की मुलांना सभामंडपाच्या भिंतीकडे वळवावे आणि त्या लहान खोल्या मोजायला सांगाव्यात. त्या भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या. जिथे गणपती आहे तो मुळात बौद्धांचा विहार. खोल्या मोजून झाल्या की मुले आपणहून विचारतील, ‘‘गुरुजी, इथे आधी कोण राहत होतं?’’