दांडेली: बंदूक गेली, चाकं आली

हुबळीच्या देशपांडे नगरातून पहाटे गाडी काढली की न्याहारीला दांडेली गाठता येते. हे जंगल हुबळीच्या इतकं जवळ आहे, म्हणूनच आपली हौस त्याला कायम सोसावी लागली. आधी बंदुकीची, मग गाड्यांची.

दांडेली अभयारण्य १९५६ साली जाहीर झालं. धारवाड आणि कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई राज्यात होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ते म्हैसूर राज्यात गेले. शिकार हा तेव्हा उजळ माथ्याने करायचा शौक होता. परवाना काढायचा, वनखात्याने आखून दिलेला जंगलाचा गट मुदतीपुरता घ्यायचा. गावकरी हाकारे घालणार, पाहुणे मचाणावर बसणार, आणि गव्याची शिंगं दिवाणखान्यात लागणार.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कायद्यात काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट ठेवलेली होती. ती बुजायला १९९१ची दुरुस्ती यावी लागली. कायदा हातात असूनही एकोणीस वर्षं गेली, हे मला आजही खुपतं.

पुढे १९८७मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झालं, २००७मध्ये अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प, आणि २०१५मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. संरक्षण कागदावर वाढत गेलं, तशी पर्यटकांची रीघही वाढली.

चाक गोळीसारखा आवाज करत नाही, त्यामुळे त्याची इजा लवकर दिसत नाही. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या वाटेवर जीप रुतली, की चालक पहिल्या गियरात जोर लावतो आणि टायर जागेवर फिरून वीतभर खोल चर पाडतो. पुढच्या सरीला पाणी त्याच चरातून धावतं आणि कडेची माती घेऊन जातं. चिखल चुकवायला मागची गाडी गवतातून काढली जाते. वाट अशी दर पावसात रुंदावते, आणि साचल्या पाण्यातली बेडकांची अंडी चाकाखाली जातात.

२०१२च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं. ऑक्टोबरमध्ये नियम घालून ते पुन्हा सुरू झालं. नियम असूनही काय होतं, ते २०२४च्या शेवटच्या दिवशी नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. सफारीच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कारवाईला वजन आलं.

हुबळी-धारवाडात आता फोर बाय फोर गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. त्या चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: याच पट्ट्यातल्या जोयडा, कॅसलरॉककडे जा, पण डांबरी रस्ता सोडून रानात गाडी घालू नका. आत जायचंच असेल, तर वनखात्याच्या सफारीने जा आणि चालकाला जनावराच्या जवळ न्यायला सांगू नका.