आधी पडायला शिका

लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसजवळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक तालीम होती. तिथे तांबडी माती नव्हती, चटया अंथरलेल्या असत. शिकवणाऱ्या एडिथ गॅरड यांची उंची जेमतेम ४ फूट ११ इंच. विद्या जपानी, जुजुत्सू.

या विद्येत मारण्याआधी पडायला शिकतात. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची आणि अंग जमिनीला लागताच तळहात व बाहूने चटईवर सपाट थाप द्यायची. मार एकाच जागी न बसता अंगभर पसरतो, डोकं वाचतं. मोठा फायदा मनाला होतो. पडण्याची धास्ती गेलेला माणूस धक्का बसला तरी गांगरत नाही. मग तोल शिकायचा. समोरचा ढकलतोय तर उलट रेटायचं नाही. बाजूला सरून त्याचाच जोर त्याला पुढे घेऊन जाईल असं पाहायचं. मनगट किंवा कोपर उलट पिळलं की सहा फुटी गडीही वाकतो. ठेंगणेपणा इथे अडचण ठरत नाही, उलट खालून शिरायला बरा पडतो.

ही विद्या लंडनच्या रस्त्यासाठी घडवली ती बार्टन-राइट या इंजिनिअरने. जपानहून परतल्यावर १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्याने जुजुत्सू, मुष्टियुद्ध आणि हातातली काठी एकत्र आणून ‘बार्टित्सू’ उभी केली. रात्री घरी परतणाऱ्याला वाटमाऱ्यांनी गाठलं तर काय करायचं, हा तिचा प्रश्न होता. गॅरड पतिपत्नींना जुजुत्सूची गोडी त्याच्यामुळे लागली. पुढे ती दोघं सोहोमध्ये उयेनिशी या जपानी गुरूकडे शिकली आणि १९०८ मध्ये गुरू मायदेशी निघाल्यावर त्यांनी शाळा चालवायला घेतली. बायका-मुलांचे वर्ग एडिथबाईंकडे आले.

धोका फक्त रस्त्यावर नसतो, हे त्या ओळखून होत्या. १९११ मध्ये त्यांनी एका नाटुकल्यातली झटापट बसवली. त्यात दारुड्या नवऱ्याला बायको जुजुत्सूने वठणीवर आणते.

मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांना तर पोलिसांपासूनच जपावं लागत होतं. १८ नोव्हेंबर १९१० रोजी पार्लमेंटकडे निघालेल्या सुमारे ३०० जणींना कित्येक तास मारहाण आणि विटंबना सोसावी लागली. १९१३ च्या कायद्याने उपोषणाने खंगलेल्या कैदी बायकांना सोडायचं आणि अंगात बळ आलं की पुन्हा धरायचं, असा खेळ सुरू झाला. मग पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांच्याभोवती सुमारे ३० बायकांचं रक्षक पथक उभं राहिलं. त्यांना तयार केलं गॅरडबाईंनी.

या बायकांच्या झग्यात लपवलेलं हत्यार कोणतं? आपल्या तालमीतलं मुद्गल! एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदारांनी हिंदुस्थानातल्या आखाड्यांतून ते मायदेशी नेलं. तिथे ते ‘इंडियन क्लब’ झालं, आणि घरोघरच्या बायका व्यायामासाठी ते फिरवू लागल्या. ज्या मुद्गलाने खांदा-मनगट कमावलं, तेच आता पदपथावर पोलिसी दंडुक्यापुढे आलं.

९ मार्च १९१४ रोजी ग्लासगोत पँकहर्स्ट यांची सभा होती. मंचाच्या कडेला फुलांच्या माळांआड काटेरी तार दडवलेली होती. पोलिस मंचावर चढताच हातघाई झाली. पँकहर्स्ट अखेर पकडल्या गेल्याच. पण त्याआधीच्या महिन्यात याच पथकाने बुरखा घातलेली भलतीच बाई पुढे करून पोलिसांना गुंतवलं होतं आणि पँकहर्स्ट यांना सुखरूप निसटू दिलं होतं. स्वसंरक्षणाचं खरं यश मला या दुसऱ्या प्रसंगात दिसतं. हेतू होता माणूस घरी पोचवण्याचा, आणि तो साधला.

महायुद्ध सुरू झालं, पथक मोडलं. १९१८ मध्ये तिशीपुढच्या काही बायकांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना मत मिळालं. गॅरडबाई १९७१ पर्यंत, ९९ वर्षं जगल्या.

आज शाळा-कॉलेजांत मुलींसाठी दोन दिवसांची शिबिरं होतात. चार डाव दाखवतात, प्रमाणपत्र देतात. पण पाठीमागून कोणी ओढलं की त्या क्षणी आठवत बसायला वेळ नसतो. जे शेकडो वेळा चटईवर घडलंय, तेच अंग आपसूक करतं. म्हणून मुलींना रोजची तालीम हवी, आणि तिथे आधी निर्धास्त पडायला शिकवायला हवं. उठणं त्यातूनच येतं.