मदतीला निघण्याआधी



दिवाळी झाली की आपल्या बेलापूरच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. मागच्या हंगामात आमच्या गटानं घरोघरचे कपडे गोळा केले आणि कोप्यांवर नेऊन वाटले. एक बाई म्हणाली, "ताई, लुगडी हायेत. लेकराला जुलाब होतेत. चांगलं पाणी कुठं मिळंल, तेवढं सांगा." आम्ही गप्पच झालो. काय हवंय, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडची गोष्ट सांगतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य. वेल्लोरला शिकून ते नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करू लागले. तिथं त्यांनी पाहिलं, की बरी होऊन घरी गेलेली लेकरं पुन्हा त्याच आजारानं येतात. औषध दवाखान्यात मिळायचं, पण घरी पाणी तेच आणि ताटही रिकामंच. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७० साली जामखेडला कायमचे राहायला गेले.

तिथं त्यांनी आधी लोकांचं ऐकलं. दुष्काळ पडला होता. लोकांना औषधाआधी अन्न-पाणी हवं होतं. म्हणून हातपंप बसवले, तेही मुद्दाम दलित वस्तीत. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथं जावं लागलं आणि शिवाशीव सैल होऊ लागली.

नंतर गावानंच एकेक बाई निवडून दिली. बहुतेक जणी निरक्षर, कितीतरी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावी जाऊन शेजारणींना शिकवत. बाळंतपण, लेकरांचं वजन, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी, सगळं त्या बघू लागल्या. सुरुवातीला तिथं जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे १७६ वर्षाच्या आत दगावत. पुढं हा आकडा पंचविसाच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रद्धा त्यांची ख्रिस्ती, काम मात्र सगळ्या जातीधर्मांच्या घरांत.

साखर-मिठाचं पाणी आपणही शिकून ठेवू. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे थोडं थोडं पाजत राहायचं, अंगावरचं दूधही चालू ठेवायचं. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठायचा.

यंदा टोळ्या आल्या की आम्ही गाठोडं न घेता जाणार आहोत. आधी कोपीपाशी बसू, ऐकू. मग पाण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीकडे जायचं, की लसीकरणासाठी आशाताईंना बोलवायचं, हे त्या बायाच सांगतील. तुमच्या गावाजवळही अशी एखादी वस्ती असेलच. एकदा तिथं बसून या.