चिनी भांड्याचं वय: शिक्का काय सांगतो, रसायन काय सांगतं

२०२० साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका घराच्या अंगणात मांडलेल्या जुन्या सामानातून कुणीतरी ३५ डॉलरला एक लहानसा निळापांढरा वाडगा घेतला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ७ लाख २१ हजार ८०० डॉलर मिळाले. वाडगा निघाला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मिंग घराण्यातल्या योंगले सम्राटाच्या काळातला.

अशी बातमी वाचली की जुन्या बाजारातून आणलेली बशी आपोआप उलटी केली जाते. बूड पाहायलाच हवं, पण तिथे लिहिलेलं सगळं खरं मानू नये. योंगले काळातल्या निळ्यापांढऱ्या भांड्यांवर सम्राटाचा शिक्का सहसा नसतोच. त्यांची ओळख पटते ती घडण, झिलई आणि निळ्या रंगाच्या छटेवरून.

शिक्का असलाच, तर त्यात बहुधा सहा अक्षरं असतात. उजवीकडची ओळ वरून खाली वाचायची, मग डावीकडची. पहिल्या दोन अक्षरांत घराणं, पुढच्या दोनांत सम्राटाची कारकीर्द आणि शेवटच्या दोनांत ‘या काळात घडवलं’ असा मजकूर. तो वाचायला सोपा आणि नक्कल करायलाही तेवढाच सोपा. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वा सम्राटाचा शिक्का सर्रास घालत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कांगशीच्याच नावाचे शिक्के असंख्य भांड्यांवर आले. यामागे दर वेळी फसवणूक नव्हती. जुन्या उत्तम कारागिरीला मान देण्याचीही ती रीत होती. पण त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून वय सांगता येत नाही.

म्हणून अभ्यासक वेगळा प्रश्न विचारतात: या भांड्यात असं काय आहे, जे अमुक सालाआधी असणं शक्यच नव्हतं?

याचं सर्वांत सोपं उदाहरण म्हणजे बुडावर इंग्रजीत लिहिलेलं ‘चायना’. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं आणि १८९१च्या मार्चपासून ते अमलात आलं. त्यामुळे हा शब्द असलेलं भांडं सहसा त्यानंतरचं. ‘मेड इन चायना’ असेल तर विसाव्या शतकातलं. मात्र शब्द नाही म्हणून भांडं जुनं, असा उलट निष्कर्ष काढता येत नाही, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून नक्षीत छापील ठिपक्यांची सारखी जाळी दिसली, तर ती कुंचल्याने काढलेली नाही. ते छापील चित्र चिकटवलेलं, आधुनिक काम आहे.

रंगांकडूनही असंच उत्तर मिळतं. चिनी भांड्यांवरचा नाजूक गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून येतो आणि तो चीनमध्ये १७२०च्या सुमारास रुळला. त्यामुळे मिंग शिक्का आणि हा गुलाबी एकत्र असतील तर शिक्का खोटा, कारण मिंग सत्ता १६४४ मध्येच संपली होती. जुना हिरवा रंग तांब्याचा असे. क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ साली शोधलं, म्हणून हिरव्या रंगात क्रोमियम आढळलं तर ते काम कांगशी काळातलं असूच शकत नाही. ही तपासणी भांड्याला ओरखडाही न काढता होते. क्ष-किरणांचा झोत टाकला की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतं आणि यंत्र ते मोजतं.

निळा रंग कोबाल्टचा. चौदाव्या शतकात तो इराणच्या बाजूने चीनमध्ये येई. त्यात लोह जास्त आणि मँगनीज कमी असतं, म्हणून त्या काळच्या नक्षीत गडद काळपट ठिपके साकळलेले दिसतात. चीनमधल्या कोबाल्टमध्ये मँगनीज भरपूर असतं. पुढे त्याचा वापर वाढला. लोह आणि मँगनीज यांच्या प्रमाणावरून कच्चा माल कुठला आणि म्हणून काळ साधारण कोणता, याचा अंदाज येतो.

आता पुन्हा बुडाकडे वळू. जिंगदेझेन या चिनी भांड्यांच्या प्रमुख केंद्रातली माती म्हणजे केओलिन आणि तिथल्या खास दगडाची पूड यांचं मिश्रण. ते सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजलं जातं. भांडं भट्टीत चिकटू नये म्हणून बुडाच्या कड्यावर झिलई देत नाहीत, त्यामुळे तिथे उघडी माती हाताला लागते. ती किती बारीक, कडं कसं छाटलंय, वाळूचे कण चिकटलेत का, हे पाहावं. खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांचे, लहानमोठे असतात. घासकागदाने केलेले एकसारखे, एका दिशेने जातात.

तरीही शंका उरली तर तापदीप्ती चाचणी आहे. मातीतल्या क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत नैसर्गिक किरणोत्सारामुळे ऊर्जा हळूहळू साठत जाते. भट्टीच्या उष्णतेने ती पूर्ण रिकामी होते आणि मग नव्याने साठू लागते. प्रयोगशाळेत नमुना तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितका भाजणीला अधिक काळ लोटलेला. यासाठी बुडाला बारीक भोक पाडावं लागतं. चाचणी नेमकं साल सांगत नाही, पण सहाशे वर्षांपूर्वीचं आणि कालपरवाचं यांत फरक करते. कृत्रिम किरणोत्सार देऊन तिलाही फसवता येतं, म्हणून तिचाही निकाल एकटा पुरेसा नसतो.

या सगळ्या खुणा ज्या भांड्यांशी ताडून पाहायच्या, ती पक्क्या तारखेची हवीत. मुंबईत १८९२ साली जन्मलेले सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहातले दोन उंच कलश त्यासाठी जगभर प्रमाण मानले जातात. त्यांच्या मानेवर झिलईखालीच १३५१ साली ते मंदिराला अर्पण केल्याचा लेख आहे. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बुडालेली जहाजंही असाच आधार देतात. १७५२ साली बुडालेल्या गेल्डरमाल्सेन या डच जहाजातून दीड लाखाच्या आसपास नग वर आले. ते सगळे त्या सालापर्यंतचेच.

तुमच्याकडे असं भांडं असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. बुडावरची जुनी चिठ्ठी काढू नका आणि ते कुठून, कधी घेतलं ते लिहून ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. ती नजरेत साठवून मगच खरेदीला जा. भांडं शंभर वर्षांहून जुनं निघालं, तर १९७२चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा. आणि विक्रेता फक्त शिक्का दाखवून किंमत सांगत असेल, तर ती किंमत देऊ नका. माती, झिलई, रंग आणि असलाच तर शिक्का हे सगळे एकाच काळाची साक्ष देतील, तेव्हाच भांडं त्या काळचं.