गोल्फचें मैदान आणि व्यापारांतील ओळख

व्यापार हा हिशेबाच्या वह्यांवर आणि करारपत्रांवर चालतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. करारपत्रावर सही होण्यापूर्वीं दोन माणसांना एकमेकांविषयीं कांहीं एक विश्वास वाटावा लागतो. आणि हा विश्वास कागदांतून नव्हे, सहवासांतून येतो. जुन्या काळचा सावकार कुळाची पत ठरवी, ती त्याच्या घराण्यावरून, बोलण्याचालण्यावरून आणि दिलेला शब्द पाळण्याच्या संवयीवरून. मोठमोठ्या कंपन्यांच्या आधुनिक जगांत घराणें ठाऊक नसतें आणि शेजारहि नसतो. तेथें माणसाची पारख करण्याचें एक ठिकाण म्हणून गोल्फच्या मैदानाचा उपयोग अनेक देशांत होत आला आहे. तो कसा होतो, त्यांत हित काय आणि धोका कोठें, हें जपानच्या उदाहरणावरून फार चांगलें समजतें.

प्रथम खेळाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. पूर्ण डावांत अठरा खळगे, म्हणजेच होल, असतात. प्रत्येकाचा व्यास सव्वाचार इंच. आरंभाच्या जागेपासून चेंडू मारीत न्यावयाचा आणि शक्य तितक्या कमी टोल्यांत तो होलमध्यें घालावयाचा, एवढाच या खेळाचा सारांश. बहुधा चौघे जण एकत्र खेळतात. सबंध डावाला चार ते पांच तास लागतात, सहा-सात किलोमीटरांची चाल होते, आणि प्रत्यक्ष चेंडू मारण्यांत प्रत्येकाचीं थोडींच मिनिटें खर्च होतात. उरलेला सारा वेळ चालण्यांत आणि बोलण्यांत जातो. टेनिसमध्यें प्रतिस्पर्धी जाळ्यापलीकडे उभा असतो. येथें तो बरोबरीनें त्याच वाटेनें चालत असतो. ज्या अधिकाऱ्याची कचेरींत दहा मिनिटांची भेट मिळणें कठीण, त्याचा चार तासांचा सहवास येथें सहज घडतो.

दुसरें वैशिष्ट्य हॅंडिकॅपचें. खेळाडूच्या कौशल्याप्रमाणें त्याला कांहीं टोल्यांची सूट मिळते. त्यामुळें नवशिका आणि मुरलेला खेळाडू यांचा सामना रंगूं शकतो. कंपनीचा अध्यक्ष व तिचा तरुण कारकून टेनिस खेळूं लागले, तर एकाला दुसऱ्याची कींव करावी लागेल. गोल्फमध्यें ती अडचण पडत नाहीं.

तिसरें वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचें. नेहमींच्या खेळांत पंच नसतो. आपले टोले ज्याचे त्यानें प्रामाणिकपणें मोजावयाचे असतात. झुडपांत गेलेला चेंडू पायानें हळूच बाहेर सरकविणारा, सात टोले मारून सहा सांगणारा, टोला चुकला कीं हाताखालच्या मुलावर ओरडणारा, अशीं सारीं माणसें त्या चार तासांत उघडीं पडतात. तसाच, कोणी पाहिलें नसतांहि आपली चूक बोलून दाखविणाराहि ओळखतां येतो. ज्याच्या हातीं उद्यां लाखोंचा माल उधारीवर सोपवावयाचा, त्याच्याविषयींची ही माहिती कोणत्याहि शिफारसपत्रापेक्षां मोलाची असते. म्हणून जाणते खेळाडू मैदानावर सौदा करीत नाहींत; सौदा कोणाशीं करावा, एवढेंच ते तेथें ठरवितात.

जपानांत हा खेळ आणला तोच मुळीं एका व्यापाऱ्यानें. कोबे बंदरांत चहाचा व्यापार करणारा आर्थर ग्रूम या इंग्रज गृहस्थानें १९०१ सालीं जवळच्या रोक्को पर्वतावर चार होलचें मैदान तयार केलें, आणि १९०३ सालीं तेथें कोबे गोल्फ क्लब स्थापन झाला. तो मुख्यतः परदेशीयांचा होता. जपानी लोकांनीं स्वतःसाठीं काढलेला आद्य क्लब म्हणजे १९१३ सालचा टोकियो गोल्फ क्लब. त्याच्या पुरस्कर्त्यांत इनोउए जुन्नोसुके हे अग्रणी होते. बँकेच्या कामानिमित्त न्यूयॉर्कला राहिले असतां ते हा खेळ शिकले. पुढें ते बँक ऑफ जपानचे गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांची बढती गोल्फमुळें झाली असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु परक्या देशांतील सराफांत वावरणाऱ्या माणसाला त्यांच्या बैठकीचा खेळ यावा, हें त्यांनीं ओळखलें होतें, एवढें खास.

१९५७ सालीं टोकियोजवळच्या कासुमिगासेकी येथें कॅनडा कपाचे सामने झाले. त्यांत जपानच्या नाकामुरा तोराकिचीनें वैयक्तिक विजेतेपद मिळविलें, आणि ओनो कोइचीच्या जोडीनें संघाचा करंडकहि मिळविला. देशांत गोल्फची लाट उसळली. तीं वर्षें जपानी उद्योगांच्या भरभराटीचींहि होतीं. गिऱ्हाइकाला मैदानावर नेऊन त्याचा सारा खर्च कंपनीनें सोसावा, अशी प्रथा पडली. तिला ‘सेत्ताई गोल्फ’, म्हणजे आदरातिथ्याचा गोल्फ, असें नांव मिळालें. साहेबांचा टोला कसाहि पडो, भोंवतालच्यांनीं ‘नाइस शॉट’ म्हणून गजर करावयाचा. एकाच टोल्यांत चेंडू होलमध्यें गेला, तर त्या भाग्यवंतानें सोबत्यांना मेजवानी व भेटवस्तु द्याव्या, असा रिवाज पडला. आणि तो खर्च इतका जड होऊं लागला कीं, त्याचाहि विमा उतरला जाऊं लागला. क्लबांचीं सभासदत्वें शेअरांप्रमाणें दलालांमार्फत विकलीं जात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीच्या तेजींत टोकियोजवळच्या कोगानेई क्लबच्या सभासदत्वाची किंमत ३० कोटी येनांच्या वर गेली. तेजी ओसरली तेव्हां हे भावहि कोसळले.

येथपर्यंतच्या हकीकतींत हास्यास पुष्कळ जागा आहे. पण पुढची हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. १९९८ सालीं जपानच्या अर्थखात्यांतील कांहीं अधिकाऱ्यांना अटक झाली. ज्या बँकांची तपासणी करावयाची, त्यांच्याकडूनच त्यांनीं मेजवान्या आणि गोल्फ यांचा पाहुणचार घेतला, असा आरोप होता. बँक ऑफ जपानवरहि असेच शिंतोडे उडाले. अर्थमंत्री आणि बँकेचे गव्हर्नर या दोघांनींहि राजीनामे दिले. १९९९ सालीं सरकारी नोकरांच्या नीतिमत्तेचा कायदा झाला व २००० च्या एप्रिलपासून तो अंमलांत आला. त्याखालील नियमांत एक विलक्षण कलम आहे. ज्याचा आपल्या कामाशीं हितसंबंध आहे अशा माणसाबरोबर अधिकाऱ्यानें गोल्फ खेळूं नये. स्वतःचा खर्च स्वतः केला, तरीहि खेळूं नये. कायदा करणारांनीं मर्म बरोबर ओळखलें होतें. मैदानावर दिली जाणारी खरी वस्तु पैसा नसून निकटचा सहवास ही होय, आणि तिचें बिल कोणालाच चुकवितां येत नाहीं. तरीहि मोह सुटला नाहीं. संरक्षण मंत्रालयाचे सर्वोच्च प्रशासकीय अधिकारी राहिलेल्या मोरिया ताकेमासा यांनीं २००७ सालीं संसदेपुढें कबूल केलें कीं, लष्करी सामग्री पुरविणाऱ्या पेढीच्या अधिकाऱ्याबरोबर आपण २०० हून अधिक वेळां गोल्फ खेळलों. २००८ सालीं न्यायालयानें लांच घेतल्याबद्दल त्यांना अडीच वर्षांची सजा दिली.

याच सहवासाचा दुसरा दोष, जे मैदानाबाहेर राहतात त्यांना बाधतो. ऑलिंपिकच्या सामन्यांसाठीं निवडलेल्या त्याच कासुमिगासेकी क्लबांत २०१७ सालापर्यंत स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळत नसे. अमेरिकेंतील प्रख्यात ऑगस्टा नॅशनल क्लबानें २०१२ सालीं प्रथमच दोन स्त्रियांना घेतलें. त्यांतील एक, कोंडोलिझा राइस, तत्पूर्वींच परराष्ट्रमंत्रिपद भूषवून चुकल्या होत्या. कचेरींत हुद्दा समान, पण जेथें ओळखी वाढतात तेथें मज्जाव, हा अन्याय डोळ्यांना दिसत नाहीं म्हणूनच अधिक बोंचतो. मुंबईला हा अनुभव नवा नाहीं. इंग्रजी अमदानींत येथील कांहीं प्रमुख युरोपीय क्लबांत भारतीयांना प्रवेश नसे. आणि लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असतांना निघालेल्या विलिंग्डन क्लबाचें महत्त्व हेंच होतें कीं, तेथें दोन्ही समाजांना एकत्र खेळतां आलें.

तेव्हां नोकरींत वा व्यापारांत पुढें येऊं पाहणाऱ्या तरुणानें काय करावें? खेळाची आवड असेल, तर अवश्य शिकावा. नियम नीट पाठ करावे. टोले खरे सांगावे. वडीलधाऱ्यांसमोर मुद्दाम हरूं नये, कारण ती खुशामत जाणत्याला तत्काळ कळते. आणि कामाची गोष्ट समोरच्यानें काढल्याशिवाय काढूं नये. परंतु ज्याच्या निर्णयावर आपलें हित अवलंबून आहे, किंवा ज्याचें हित आपल्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्याबरोबर खेळण्याआधीं शंभर वेळां विचार करावा. आणि ज्यांच्या हातीं बढत्यांची यादी आहे, त्यांनीं एवढें पाहावें कीं, मैदानावर ज्याचा स्वभाव कळला त्याच्याइतकीच संधि, ज्याला मैदानाचें दारच उघडलें नाहीं, त्याचें काम पाहूनहि दिली जाईल. ओळखीनें विश्वास वाढावा. ओळखीनें न्याय मात्र झुकूं नये.