जुना चेहरा, नवा कणा

मराठीत ‘आस’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. बैलगाडीची दोन चाके ज्या दांड्यावर बसवलेली असतात तो आस, आणि मनाला लागलेली ओढ ती आस. मी कवितेचा माणूस. मोटारींशी माझे नाते मागच्या सीटवर बसण्यापुरते. पण अमेरिकेतल्या मोटारवेड्यांमध्ये बरीच वर्षे रंगलेला एक वाद वाचताना मला हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटले. वाद होता त्यांच्या लाडक्या ‘मसल कार’चा. ती दिसावी कशी, आणि तिचा मागचा आस अखंड असावा की सुटा?

आधी मसल कार म्हणजे काय ते पाहू. दोन दारांची, मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन बसवायचे. १९६४ साली पाँटियाकने आपल्या जीटीओ गाडीत ६.४ लिटरचे इंजिन दिले, तिथून ही रीत रुळली असे मानतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग आणली. लांब नाक, आखूड शेपूट, आणि तरुणांच्या खिशाला झेपणारी. मागोमाग शेवरोलेची कॅमेरो आणि डॉजची चॅलेंजर आली. पुढे विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणाचे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या गाड्यांचा जोर ओसरला. आठवण मात्र ओसरली नाही.

या गाड्यांचा मागचा आस अखंड होता. तो कसा असतो हे समजायला आपली एसटी किंवा एखादा ट्रक डोळ्यांपुढे आणा. मागून वाकून पाहिले की दोन्ही चाकांना जोडणारा एक लोखंडी नळा दिसतो आणि त्याच्या मधोमध एक फुगीर गोळा. इंजिनची ताकद लांब दांड्यावरून त्या गोळ्यात येते आणि तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. एसटीत हा सगळा संच कमानपाट्यांवर तोललेला असतो. पहिल्या मस्टँगमध्येही तो तसाच होता.

यात अडचण अशी, की एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. दोघांचे नशीब एकाच नळ्याला बांधलेले. शिवाय या नळ्याचे वजन स्प्रिंगांच्या खाली असल्याने प्रत्येक धक्क्यासरशी तो चाकांबरोबर उसळतो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर त्याचे फारसे काही वाटत नाही. पण भरधाव गाडी वळणावर असताना खडबडीत जागा आली, तर गाडीचा मागचा भाग उडून बाजूला सरकू शकतो. टायरची पकड क्षणभर सुटते, आणि तो एक क्षण चालकाच्या हातात नसतो.

दुसरी रचना स्वतंत्र चाकांची. तिच्यात तो गोळा गाडीच्या सांगाड्याला बसवतात आणि त्यातून सांधे असलेले दोन लहान दांडे दोन चाकांकडे जातात. एका चाकाने खड्डा पाहिला तरी दुसऱ्याला त्याची खबर लागत नाही. वळणावर टायर रस्ता सोडत नाहीत आणि प्रवाशाची पाठही दुखत नाही.

मग अखंड आसाची बाजू घेणारे अडाणी होते का? मुळीच नाही. अमेरिकेत पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे चारशे मीटरच्या सरळ शर्यतीचे मोठे वेड आहे. तिथे गाडी उभ्या जागेवरून सुटताना मागच्या चाकांवर प्रचंड जोर येतो. अखंड आसाची दोन्ही चाके अशा वेळी ताठ उभी राहतात आणि दोन्ही टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला चिकटतात. स्वतंत्र रचनेत चाके थरथरून उड्या मारू लागतात, सांधे तुटू शकतात. अखंड आस मजबूत, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. गझल लिहिणाऱ्याला हे पटकन कळते. बंधन नेहमी ओझेच असते असे नाही. पुष्कळदा तेच दोन ओळींना उभे ठेवते.

आणि सुटे केले म्हणजे सारे साधले असेही नाही. १९६० च्या मॉडेलच्या शेवरोले कॉर्व्हेअरची मागची चाके स्वतंत्र होती, पण त्यांच्या दांड्यांना सांधा फक्त आतल्या टोकाला होता. जोराच्या वळणावर बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू पाहायचे. १९६५ साली राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सुरक्षेवरील आपल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण या गाडीवर लिहिले आणि अमेरिकेत खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी तिथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. १९७२ च्या सरकारी अहवालाने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांहून वाईट नसल्याचे म्हटले खरे, पण धडा राहिलाच. चाके सुटी करणे सोपे. सुटी करून सांभाळणे कठीण.

आता चेहऱ्याकडे वळू. २००४ साली पाँटियाकने जीटीओ हे नाव पुन्हा आणले. गाडी मुळातली ऑस्ट्रेलियातल्या होल्डनची. मागची चाके स्वतंत्र, इंजिन ताकदवान, चालवायला छान. पण चेहरा सपक. जुन्या जीटीओची एकही खूण अंगावर नाही. लोकांनी पाठ फिरवली आणि २००६ मध्ये ती बंद झाली. याच सुमारास, २००५ च्या मॉडेलची नवी मस्टँग आली. तिचा मागचा आस अजून अखंडच होता. पण पुढे झुकलेले नाक, बगलेतली खाच, मागे तीन-तीन उभ्या पट्ट्यांचे दिवे असे सगळे साठच्या दशकातले रूप तिने परत आणले, आणि ती धडाक्याने खपली. याचा अर्थ, माणूस गाडी आधी डोळ्यांनी विकत घेतो.

पण डोळ्यांनाही फार लाडावून चालत नाही. २०१० च्या मॉडेलची कॅमेरो जुना चेहरा आणि स्वतंत्र मागची चाके घेऊन आली. पुढची पाच वर्षे ती अमेरिकेत मस्टँगपेक्षा जास्त खपली. मात्र ती रुबाबदार दिसावी म्हणून दारांची कड उंच आणि काचा इतक्या बारीक ठेवल्या होत्या, की आत बसलेल्याला बाहेरचे नीट दिसत नाही अशी तक्रार सतत होत राहिली. बाहेरून पाहणाऱ्याचे सुख आणि आतून पाहणाऱ्याची सोय, यांत सोय हरली. २००८ ची चॅलेंजर तर हुबेहूब १९७० सालची वाटे. अंगाने थोराड, चेहऱ्याने अस्सल अमेरिकन. पण तिच्या मागच्या चाकांची रचना आली होती मर्सिडीजच्या घराण्यातून. तेव्हा मर्सिडीज आणि क्रायस्लर एकाच कंपनीत नांदत होत्या, त्या संसाराची ही खूण.

मस्टँगने मात्र अखंड आस लवकर सोडला नाही. २०१३ च्या शेल्बी जीटी ५०० ला ६६२ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि मागे तोच एक नळा. शेवटी २०१५ च्या मॉडेलपासून सगळ्या मस्टँगना स्वतंत्र मागची चाके मिळाली. कारण उघड होते. गाडी आता जगभर विकायची होती. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली मस्टँग प्रथमच कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि २०१६ मध्ये ती भारतातही आली. युरोपातले रस्ते वळणांचे, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांविषयी मी काय सांगावे!

जुन्या चाहत्यांनी कुरकुर केली. चेहरा फोर्डच्या साध्या घरगुती गाडीसारखा झाला, सरळ शर्यतीतला दम गेला, असे म्हणणारे होतेच. त्यांना एक उत्तर २०१८ च्या चॅलेंजर डीमनने दिले. स्वतंत्र मागच्या चाकांची ही गाडी सुटताना पुढची चाके हवेत उचलायची. तिने पाव मैल ९.६५ सेकंदांत कापला. शंका चुकीची नव्हती. पण शंकेला उत्तर म्हणून सांधे बळकट केले गेले, रबरी बैठका सुधारल्या गेल्या. चांगल्या वादाचा उपयोग असाच होतो.

२०२३ च्या अखेरीस कॅमेरो आणि ती चॅलेंजर, दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले. मस्टँग उरली. डॉजने २०२४ साली विजेवर चालणारी चार्जर आणली. तिला इंजिनच नाही, तरी गर्जना हवी म्हणून आवाज काढणारी खास यंत्रणा बसवली आहे. आता वाद त्या आवाजाचा आहे.

मला हसू आले नाही. आपणही वाडा पाडून इमारत बांधतो आणि दिवाणखान्यात जुना झोपाळा टांगतो. डोळ्यांना जुने हवे असते, पाठीला नवे. त्यात खोटे काही नाही. फक्त झोपाळ्याची कडी तपासून घ्यावी, कारण बसणार माणूस आहे. गाडीचे तेच. आठवण चेहऱ्यावर खुशाल मिरवावी. वळणावर मात्र जीव चाकांच्या भरवशावर असतो. मनातली आस जुनी असली तरी चालेल, चाकाखालचा आस आजच्या रस्त्याचा हवा.