दसरा चौकातील पायी फेरी

निरनिराळ्या धर्मांचा शेजार कागलच्या माणसाला नवा नाही. गैबीपिराच्या उरुसाला गावातले हिंदू आणि मुसलमान सारख्याच ओढीने जातात, आणि त्यात काही विशेष आहे हे बाहेरगावचा पाहुणा सांगेपर्यंत आपल्या ध्यानातही येत नाही. मग हा शेजार पाहण्यासाठी वीस किलोमीटरवरच्या कोल्हापुरास कशाला जावयाचे? कारण असे की, कागलचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या आपोआप वाढला. दसरा चौकातला शेजार एका माणसाने वीसएक वर्षांत मुद्दाम घडवून आणला. तो माणूस कागलकर घाटग्यांच्या घराण्यातला. 1874 साली जन्मलेले यशवंतराव घाटगे 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. आपोआप उगवलेल्या रानापासून फारसे शिकता येत नाही. लावलेल्या मळ्यापासून शिकता येते.

गेली काही वर्षे आम्ही युनियनची मंडळी कारखान्यातल्या कामगार बंधूंना घेऊन ही फेरी करीत आलो आहो. एस.टी. स्टँडवर उतरावे, स्टेशन रोडने व्हीनस कॉर्नरपर्यंत यावे आणि तसेच पुढे दसरा चौकात यावे. रिक्षा करू नये. दोन इमारतींमधले अंतर पायाने मोजले म्हणजेच या जागेचा अर्थ कळतो.

चौकात महाराजांचा पुतळा आहे. त्याच्याजवळ उभे राहून सभोवार पाहिले की दिगंबर जैन बोर्डिंग दिसते, मुस्लिम बोर्डिंग दिसते, लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ दिसतो. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरात ही सगळी ठाणी. येथे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास म्हणतो, "वा! काय हा एकोपा!" आणि येथेच वाट दाखविणाराने त्याला थोडे थांबवावयास हवे. कारण हा नुसता एकोपा नव्हे. प्रत्येक बोर्डिंगची चूल निराळी होती.

एका रविवारी आमच्याबरोबर आलेल्या एका फिटर गड्याने चौकातच विचारले, "भाऊ, जातीजातीची वेगळी बोर्डिंगे काढली, मग जात मोडली कशी? ती तर पक्की झाली!" प्रश्न रोकडा होता, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे म्हणजे फेरी फुकट घालविणे होय.

उत्तर असे. 1896 साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून झाले होते. दार सर्वांना उघडे होते. पण व्यवस्था एकाच वरच्या जातीच्या हाती, स्वयंपाकघरातले सोवळे त्यांचेच. तेव्हा थोड्याच वर्षांत आत फक्त त्याच जातीची मुले उरली. खेड्यातला शेतकऱ्याचा पोर हायस्कूलसाठी शहरात आला तर त्याने जेवावे कोठे, हा त्या काळी शिक्षणातला पहिला प्रश्न होता. पुस्तके आणि फी त्याच्यानंतर. म्हणून 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. मुसलमान विद्यार्थ्यांना महाराजांनी आधी मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून पाहिले; पुढे 1906 साली त्या समाजातील मंडळींना एकत्र बोलावून शिक्षणसंस्था स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. लिंगायत, शिंपी, सोनार, सुतार, नाभिक, ढोर-चांभार अशी एकेका समाजाची वसतिगृहे पुढे निघत गेली, आणि संख्या वीसच्या वर गेली. दरबाराने जागा द्यावी, इमारतीला हात द्यावा, उत्पन्न लावून द्यावे. बाकीचे त्या त्या समाजाने वर्गणी काढून चालवावे, अशी ही रीत. जो समाज कालपर्यंत आपल्या मुलासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभा होता, तो आता आपली कमिटी नेमतो, हिशेब लिहितो, भांडतो आणि चालवितो. संघटना कशी बांधतात हे ज्याने पाहिले आहे त्याला या रीतीचे मोल सांगावयास नको.

पण फिटर गड्याचा प्रश्न एवढ्याने पुरता मिटत नाही, आणि तो मिटला असे आम्ही सांगतही नाही. जैन बोर्डिंगच्या समोर उभे राहून आम्ही पुढची हकीकत सांगतो. कुंभोजचा एक विद्यार्थी येथे राहत होता. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या समारंभास हा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्याच भाऊरावांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे महार, मराठा, मुसलमान, जैन सगळी मुले एका पंक्तीस जेवू लागली. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव काय ठेवले? श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. निराळ्या चुली मांडून देणाऱ्याचे नाव एका चुलीच्या घराला! आमच्या मते यात विसंगती नाही. ज्या मुलाला बोर्डिंगने शहरात राहावयास जागा दिली, त्यालाच तेथली भिंत दिसली.

कामगार चळवळीतल्या माणसांनी या हकीकतीवर नाक मुरडू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होतो म्हणून. पगार मात्र विणखात्यात जास्त. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. लाल बावट्याखाली उभे राहिलेल्यांचेही पाणी वेगळे होते, हे आम्ही या चौकात मुद्दाम बोलतो.

चौकातून पुढे सी.पी.आर. रुग्णालय लागते. येथे थोडेच थांबावे. 1919 साली महाराजांनी दवाखान्यांतून अस्पृश्य रोग्यांना इतरांसारखेच वागविण्याचा हुकूम काढला होता, एवढे सांगून भाऊसिंगजी रोडला वळावे.

या रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल होते. गंगाराम हे महाराजांच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मार खावा लागला. महाराजांनी त्यांना भांडवल देऊन हॉटेल घालून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी उभी करून तेथला चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. हुकूम कागदावर राहतो. घोट मात्र घशाखाली उतरावा लागतो. पुढे 1920 च्या मार्चमध्ये आपल्या कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि महाराज जातीने हजर राहिले. फेरीतल्या कागलच्या मंडळींना येथे आपले गाव पुन्हा भेटते.

ज्यांना जावयाचे आहे त्यांच्यासाठी दोन सूचना. ही बोर्डिंगे म्हणजे संग्रहालये नव्हेत, त्या त्या समाजाच्या चालत्या संस्था आहेत. तेव्हा विचारून आत जावे, पादत्राणे काढावयास सांगितली तर काढावी, आणि मठात व बोर्डिंगात सारख्याच अदबीने बोलावे. दुसरे, टोळी पंधरा-वीस जणांपेक्षा मोठी नेऊ नये. चौकात रहदारी फार, मागच्याला ऐकू जात नाही. आणि ज्याला ऐकू जात नाही तो प्रश्न विचारीत नाही. फेरी संपल्यावर भाऊसिंगजी रोडवरच कोठेतरी सर्वांनी मिळून चहा घ्यावा. पैसे आम्ही वर्गणीतून देतो.